शोधक एका ओळीत, मालक दुसऱ्या ओळीत

13 डिसेंबर 1977 रोजी अमेरिकेत 4,063,220 क्रमांकाचं पेटंट मंजूर झालं. त्याच्या पहिल्या पानावर शोधक म्हणून चार नावं छापली आहेत: रॉबर्ट मेटकाफ, डेव्हिड बॉग्ज, चार्ल्स थॅकर आणि बटलर लॅम्पसन. त्यांच्याखाली मालक म्हणून एकच नाव आहे, झेरॉक्स कॉर्पोरेशन. शोध होता इथरनेटचा. एकाच केबलवर बरेच संगणक जोडायचे, ज्याला बोलायचंय त्यानं आधी केबल मोकळी आहे का ते ऐकायचं. दोघे एकदम बोलले आणि टक्कर झाली, तर ती ओळखून दोघांनी थांबायचं आणि वेगवेगळा, यदृच्छेनं ठरलेला वेळ गेल्यावर पुन्हा प्रयत्न करायचा. तालुक्याच्या बँकेत, कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकामागे खोचलेली निळी केबल आज पाहिली, तर तिचं कूळ इथपर्यंत पोचतं.

पेटंटवरच्या या दोन ओळी, एक शोधकाची आणि एक मालकाची, अगदी जवळजवळ छापलेल्या असतात. नेटवर्कच्या क्षेत्रातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरची सगळी कारकीर्द या दोन ओळींच्या मध्ये घडते. पुढच्या पानांमध्ये आम्ही तिचाच शोध घेतला आहे.

मराठीत इंजिनिअरांवर कमी लिहिलं गेलं असं नाही. दिवाळी अंकांत, रविवारच्या पुरवण्यांत परदेशी स्थिरावलेल्यांच्या मुलाखती नेमानं येतात. त्यांत आईचे कष्ट असतात, पहिल्या विमानप्रवासाची भीती असते, सोलापूरचा माणूस असेल तर सामानात बांधून नेलेली शेंगाची चटणीही असते. आणि शेवटी एक वाक्य येतं: यांच्या नावावर इतकी पेटंटं आहेत. त्यांतलं एक तरी पेटंट नेमकं कशाचं आहे, हे मुलाखतकार विचारत नाही. प्रोटोकॉलपेक्षा चटणी सांगायला सोपी, हे मान्य. पण गायकाच्या चरित्रात राग आला नाही तर वाचक तक्रार करील. इंजिनिअरच्या बाबतीत ती तक्रार कोणी करत नाही, म्हणून हे पुस्तक.

ज्यांनी या विषयाला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पायाभरणी करतो. जुन्या टेलिफोनमध्ये दोन माणसं बोलत असेपर्यंत त्यांच्यामधली वाट राखून ठेवलेली असे. ती गप्प बसली तरी वाट अडलेलीच. 1960च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी एकमेकांच्या नकळत वेगळी कल्पना मांडली: निरोपाचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावा आणि ज्याला जी वाट मोकळी मिळेल तिनं त्याला जाऊ द्यावं. लग्नाचं वऱ्हाड चार वेगवेगळ्या एसट्यांनी निघावं, कोणी मोहोळवरून, कोणी मंगळवेढ्यावरून यावं आणि मांडवात मात्र मानपानाच्या क्रमानं बसावं, तसं हे. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. 29 ऑक्टोबर 1969 रोजी कॅलिफोर्नियातल्या दोन संगणकांमध्ये अर्पानेटवरून पहिला निरोप धाडला गेला. ‘लॉगिन’ शब्दाची दोन अक्षरं पोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. नेटवर्क इंजिनिअरचा धंदा त्या दिवशीच सुरू झाला म्हणायला हरकत नाही. पोचवणं हे निम्मं काम, कोसळल्यावर सावरणं हे उरलेलं निम्मं.

वाट कशी शोधायची, गर्दी झाली की कोणाला थांबवायचं, मधला दुवा तुटला की बाकीच्यांना किती लवकर कळवायचं, खोटा पत्ता लावून कोणी घुसला तर कसं ओळखायचं, या प्रश्नांची उत्तरं राउटर आणि स्विच नावाच्या पेट्यांमध्ये राहतात. बाहेरून त्या लोखंडी दिसतात, पण आतला जीव सॉफ्टवेअरचा असतो. हे काम चांगलं झालं तर कोणाला दिसत नाही, बिघडलं तरच त्याची आठवण होते. त्यामुळे या लोकांची नावं लोकांपर्यंत पोचली नाहीत.

सुरुवातीच्या पिढीला पेटंटशी फारसं देणंघेणं नव्हतं. एप्रिल 1969 मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी आरएफसी नावाच्या टिपणांची मालिका सुरू केली. कल्पना मांडायची, सगळ्यांना वाटायची, चुका काढायला सांगायचं, अशी ती रीत. फायली एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याची एफटीपी ही पद्धत याच मालिकेतल्या 114 क्रमांकाच्या टिपणातून 1971 मध्ये आली, आणि ते लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. विंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी 1974 मध्ये टीसीपीची मांडणी प्रसिद्ध केली, पण तिचं पेटंट घेतलं नाही. सर्न या संस्थेनं 30 एप्रिल 1993 रोजी वर्ल्ड वाइड वेब सर्वांसाठी मोफत खुलं केलं. हा झाला खुला पंथ. या पंथात माणसाचं नाव टिपणावर राहतं आणि मालकाची ओळच नसते.

दुसरा पंथ कंपन्यांच्या प्रयोगशाळांचा: बेल लॅब्ज, झेरॉक्स, डिजिटल, पुढे सिस्को. इथं पगार कंपनीचा, म्हणून शोधही कंपनीचा. पण मालकी हाती आल्यावर तिचं काय करायचं याबाबत या घराण्यांत एकमत नव्हतं. झेरॉक्सनं डिजिटल आणि इंटेल यांना सोबत घेऊन इथरनेट उद्योगाचं मानक व्हावं असं पाहिलं आणि पेटंटचा परवाना एकरकमी 1,000 डॉलरला देऊ केला. त्या काळातला इथरनेटचा प्रतिस्पर्धी टोकन रिंग. काही बाबतींत तो इथरनेटपेक्षा शिस्तीचा होता, कारण त्यात टक्कर होतच नसे. पण त्यावर ओलोफ सोडरब्लॉम यांचं पेटंट होतं आणि यंत्रं बनवणाऱ्यांकडून स्वामित्वशुल्क मागितलं जाई. टोकन रिंग मागे पडण्याची कारणं आणखीही आहेत, केबल आणि कार्डं महाग होती हे त्यांतलं मोठं. तरी स्वस्त परवाना आणि महाग परवाना यांतला फरक कोणत्याही व्यापाऱ्याला समजेल असा आहे.

मला या साऱ्या इतिहासात सर्वांत शिकवणारी वाटते ती जोडराउटरची गोष्ट. ऑफिसातले सगळे संगणक बाहेरच्या जगाशी एका राउटरमार्फत बोलतात. तो बंद पडला की सगळं बंद. उपाय साधा वाटतो: दोन राउटर ठेवा. पण संगणकांना एकच पत्ता माहीत असतो. मग दोन राउटरांनी मिळून एक तिसराच, काल्पनिक पत्ता धारण करायचा. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं त्याचं ‘मी जिवंत आहे’ हे ठरावीक अंतरानं येणारं बोलणं ऐकत बसायचं. बोलणं थांबलं की त्यानं तो पत्ता उचलायचा. संगणकांना कळतही नाही. सिस्कोनं ही युक्ती एचएसआरपी नावानं आणली आणि तिचं पेटंट 1995 मध्ये मिळवलं, क्रमांक 5,473,599. पुढे मानकं ठरवणाऱ्या मंडळींनी व्हीआरआरपी नावाचा खुला प्रोटोकॉल 1998 मध्ये काढला. तो आपल्या पेटंटच्या कक्षेत येतो अशी भूमिका सिस्कोनं घेतली. ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या लोकांना ही बांधिलकी नको होती. त्यांनी सिस्कोच्या दाव्यांना वळसा घालून, संदेशांना गुप्तलेखनाची जोड देऊन, 2003च्या सुमारास कार्प नावाचा स्वतःचा प्रोटोकॉल लिहिला. त्यांना प्रोटोकॉलसाठी अधिकृत क्रमांक मिळाला नाही, म्हणून त्यांनी व्हीआरआरपीचाच 112 हा क्रमांक वापरला. परिणाम असा की एकाच जाळ्यात दोन्ही ठेवले तर गोंधळ होऊ शकतो. एका पेटंटामुळे जगात एकाच कामाचे तीन प्रोटोकॉल झाले. सिस्कोचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण एचएसआरपी लिहिणाऱ्यांनी खरोखर एक अवघड गोष्ट नीट केली होती. पण ज्यांना पेटंटची संख्या म्हणजेच प्रगती वाटते, त्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

बिनतारी जगात खेळ बदलतो. तिथं मानकच पेटंटांच्या विटांनी बांधलेलं असतं आणि प्रत्येक मोबाइलच्या किमतीत त्यांचा वाटा असतो. यातली एक महत्त्वाची वीट पुण्याशी जोडलेली आहे. थॉमस कैलाथ 1935 मध्ये पुण्यात एका मल्याळी घरात जन्मले, सेंट व्हिन्सेंट्स शाळेत शिकले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून 1956 मध्ये पदवीधर झाले. पुढे एमआयटी, मग स्टॅनफर्ड. तिथं 1990च्या दशकाच्या आरंभी त्यांच्याकडे आले आरोग्यस्वामी पॉलराज. खडकवासल्याच्या एनडीएतून नौदलात गेलेले, पाणबुडी शोधणारी ‘अप्सो’ ही सोनार यंत्रणा भारतात उभी करून निवृत्त झालेले अधिकारी. एकाच वेळी, एकाच लहरपट्ट्यावर अनेक अँटेनांनी वेगवेगळी माहिती पाठवायची आणि पलीकडे अनेक अँटेनांनी ती वेगळी करून घ्यायची, ही कल्पना दोघांच्या नावे 1992 मध्ये दाखल झाली आणि 6 सप्टेंबर 1994 रोजी 5,345,599 क्रमांकाखाली मंजूर झाली. मालक स्टॅनफर्ड विद्यापीठ. आज चांगल्या वायफायमध्ये, 4जी आणि 5जीमध्ये जे मायमो नावानं चालतं, त्याचं हे एक मूळ आहे. एकमेव मूळ नाही, बेल लॅब्जमध्ये जेरार्ड फोशिनी यांचं कामही तितकंच मोलाचं आहे. पॉलराज यांना 2014 मध्ये मार्कोनी पुरस्कार मिळाला.

आणि नरेंद्र करमरकर. ग्वाल्हेरचं मराठी घर, आयआयटी मुंबईची 1978ची पदवी, कॅलिफोर्नियात पुढचं शिक्षण आणि मग बेल लॅब्ज. 1984 मध्ये त्यांनी रेषीय नियोजनाची नवी रीत मांडली. हजारो अटी आणि हजारो चल असलेल्या प्रश्नात सर्वांत फायद्याचं उत्तर कसं शोधायचं, हा तो प्रश्न. जुनी सिम्प्लेक्स रीत उत्तरांच्या बहुपृष्ठाच्या कडांवरून एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जाते. करमरकरांची रीत थेट आतून वाट काढते. 19 नोव्हेंबर 1984 रोजी ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर होती. बेल लॅब्ज ज्या टेलिफोन कंपनीची, त्या एटीअँडटीला यात रस असण्याचं कारण उघड आहे: कोणत्या मार्गावर किती वाहिन्या टाकायच्या, कोणत्या वर्षी वाढवायच्या, हा नेटवर्कचा प्रश्न मुळात रेषीय नियोजनाचाच असतो. एटीअँडटीनं पेटंट घेतलं, 4,744,028, मे 1988 मध्ये. त्यावर आधारलेली कॉर्बेक्स ही यंत्रणा बाजारात आली, किंमत 89 लाख डॉलर.

गणितज्ञ खवळले. गणिताचं पेटंट होतंच कसं, हा एक आक्षेप. कंपनी तपशील दडवते, त्यामुळे वेगाचे दावे तपासता येत नाहीत, हा दुसरा. 1986 मध्ये फिलिप गिल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ही रीत एका जुन्या, ‘बॅरिअर’ नावाच्या पद्धतीची जवळची नातेवाईक आहे. सोव्हिएत गणिती दिकिन यांनी 1967 मध्ये याच वाटेवरचं एक पाऊल टाकलं होतं, तेही मग पुढे आलं. कॉर्बेक्स फारशी खपली नाही. तरीही माझं मत करमरकरांच्या बाजूनं झुकतं. आतून जाणारी वाट सैद्धांतिक हमीसह व्यवहारात आणता येते, हे जगाला पटलं ते त्यांच्यामुळे. त्यानंतर सिम्प्लेक्सवाल्यांनाही आपली हत्यारं घासावी लागली. एटीअँडटीनं जी मालकी इतक्या घाईनं राखली, तिची मुदत संपून आता बराच काळ लोटलाय. रीत मात्र आज शेकडो प्रणालींमध्ये चालते. हे प्रकरण आम्ही पुस्तकात बरंच सविस्तर घेतलंय, कारण शोधकाची कीर्ती आणि मालकाचा ताळेबंद यांच्या वाटा किती वेगळ्या असू शकतात याचं इतकं स्वच्छ उदाहरण मराठी नावासह दुसरं मिळत नाही.

देशात राहून काम करणाऱ्यांचा पंथ वेगळा आणि आपल्याकडे उपेक्षित. 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटनं खेड्यांसाठी 128 जोडण्यांचं एक्सचेंज बनवलं. त्याची खरी करामत जोडण्यांच्या आकड्यात नव्हती. वातानुकूलन नसलेल्या खोलीत, धुळीत आणि उन्हात ते चालत होतं. 1986 मध्ये ते पहिल्यांदा बसलं कित्तूरला, म्हणजे सोलापूरकरांच्या शेजारच्या राज्यात. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि 1991 मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम 8000 उभा राहिला. लोक त्याला महासंगणक म्हणून ओळखतात, नेटवर्कवाल्यांच्या नजरेत तो अनेक लहान संगणकांना जोडणारं एक जाळं आहे. पुढे सी-डॅकनं या जोडणीसाठी परमनेट नावाचं स्वतःचं स्विचतंत्र घडवलं. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राममार्ग प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या गावांपर्यंत इंटरनेट पोचवताना टीव्हीच्या न वापरल्या जाणाऱ्या लहरपट्ट्यांचा उपयोग करून पाहिला. झाडी आणि टेकड्यांतून या लहरी वायफायपेक्षा लांब जातात. 2017 मध्ये या कामाला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. इथं शोधाचं मोजमाप पेटंटच्या संख्येनं केलं तर हाती काहीच लागणार नाही.

हा विषय कोणासाठी, हे सांगायला आता वळसंगचं उदाहरण घेतो. सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावरचं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारं. जिथली विहीर बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाशी जोडलेली आहे, तिथं सार्वजनिक गोष्ट कोणाला वापरता येते हा प्रश्न ग्रंथातून शिकावा लागत नाही. बौद्धिक संपदाही या भागाला अगदीच परकी नाही: सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव कोणीही कुठंही वापरू शकत नाही. पण त्या मानांकनाचा मालक एक माणूस नसतो, उत्पादकांचा समूह असतो. नक्षीच्या चादरीच्या मागावर जी जॅकार्डची छिद्रं पाडलेली कार्डं चढवत, त्यांच्यावर यंत्राला द्यायच्या आज्ञा लिहिलेल्या असत. संगणकाच्या इतिहासात त्या कार्डांचा उल्लेख पहिल्या प्रकरणात येतो. माग चालवणाऱ्यांच्या घरातली मुलं आज पुण्याला हिंजवडीत कोड लिहितात.

त्यांना हा विषय आत्ता का कळावा, याची कारणं व्यवहाराची आहेत. पहिल्या नोकरीच्या करारात एक कलम असतं, की नोकरीच्या काळात लावलेला शोध कंपनीचा. बहुतेक जण न वाचता सही करतात. पुढे चांगल्या कंपनीत एक दिवस शोधाची माहिती भरायचा फॉर्म समोर येतो, मग वकील प्रश्न विचारतात, मग बक्षिसाची ठरलेली रक्कम आणि टेबलावर ठेवायला एक फलक मिळतो. हे सगळं वाईट नाही. पण आपलं काय जातं आणि काय राहतं ते ठाऊक असावं. शोधकाचं नाव राहतं, ते कोणाला पुसता येत नाही. खोटं नाव घातलं किंवा खरं वगळलं, तर अमेरिकेत पेटंटच धोक्यात येऊ शकतं. साहेबाचं नाव सौजन्यानं घालायची आपल्याकडची पद्धत तिथं महागात पडते.

भारतातला कायदा आणखी वेगळा. 1970च्या पेटंट कायद्यातलं कलम 3(के) सांगतं की निव्वळ संगणक प्रोग्राम, गणिती पद्धत किंवा अल्गोरिदम यांवर पेटंट मिळत नाही. ‘निव्वळ’ कुठं संपतं यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. डिसेंबर 2019 मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की शोधाचा तांत्रिक परिणाम दिसत असेल, तर तो केवळ प्रोग्रामवर आधारलेला आहे म्हणून नाकारता येणार नाही. नेटवर्कच्या बऱ्याच शोधांना इथं जागा आहे, कारण पॅकेट लवकर पोचणं किंवा दुवा तुटल्यावर सावरणं हा मोजता येणारा परिणाम असतो. भारतात राहणाऱ्यानं परवानगीशिवाय थेट परदेशात अर्ज करू नये, हे कलम 39 सांगतं. आणि अर्ज करण्याआधी कॉलेजच्या प्रदर्शनात यंत्रणा उघड मांडली, तर नावीन्यच उरत नाही. हे ऐकून काही प्राध्यापक नाराज होतील, पण अर्ज आधी आणि प्रदर्शन नंतर, असा क्रम लावला तर दोन्ही साधतं. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची मूळ फी 1,600 रुपये आहे. खरा खर्च मसुदा लिहून घेण्याचा.

हे पुस्तक एका माणसाचं चरित्र नाही, पेटंटांची यादीही नाही. आम्ही पेटंटांना दस्तऐवज समजून वाचलंय. पेटंटची भाषा मुद्दाम कोरडी असते. वर्णनात शोध सांगितलेला असतो आणि शेवटच्या दाव्यांमध्ये त्याची हद्द आखलेली असते. हद्द पाहिल्याशिवाय शोध कळत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी दावे उलगडले आहेत, मग ते दावे करणारी माणसं कुठून आली, त्यांच्या हातून काय सुटलं, पेटंटात जे आलंच नाही ते कुठं गेलं, याकडे वळलो आहोत. एखाद्याची दहा वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली असतील, तर त्याच्या नावावर काहीच नसतं. अशा कामालाही जागा दिली आहे. राडिया पर्लमन यांच्याकडे शंभराहून अधिक पेटंटं आहेत, पण ज्यावरून त्यांची ओळख आहे ती स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचांच्या जाळ्यात पॅकेट गोल फिरत राहू नये म्हणून काही दुवे मुद्दाम बंद ठेवण्याची रीत, ती आपापसांत बोलणाऱ्या सगळ्या स्विचांना एकसारखी पाळावी लागते. तिच्यावरचं प्रकरण कठीण आहे. नवख्यांनी ते शेवटी वाचलं तरी चालेल.

गणित शक्य तिथं टाळलं आहे. करमरकरांच्या प्रकरणात मात्र ते टाळलं असतं तर फसवणूक झाली असती, तिथं वहीपेन घेऊन बसावं लागेल. इंग्रजी संज्ञांना ओढूनताणून मराठी पर्याय दिले नाहीत. राउटरला राउटरच म्हटलंय, कारण केबल ओढणारा पोरगाही तेच म्हणतो.

आणखी एक. ज्या पेटंटांची इथं तपशिलात चर्चा आहे, त्यांतल्या बहुतेकांची मुदत संपली आहे: इथरनेटची 1994 मध्ये, पॉलराज-कैलाथ यांच्या शोधाची 2012 मध्ये, सिस्कोच्या जोडराउटरची 2014 मध्ये. शिवाय अमेरिकेतलं पेटंट अमेरिकेतच लागू होतं. त्यामुळे या गोष्टी वाचून थांबायची गरज नाही. दोन जुने राउटर किंवा दोन टाकाऊ संगणक मिळवा, त्यांवर लिनक्स किंवा ओपनबीएसडी चढवा, सहाव्या प्रकरणातल्या आज्ञा द्या आणि चालत्या राउटरची केबल उपटा. दुसऱ्यानं पत्ता उचलायला किती सेकंद घेतले ते मोजा. मग आकडे बदला आणि पुन्हा उपटा.